केअरटेकर शोधताय? आधी घरातला केअरगिव्हर ठरवा

घरात पहिल्यांदाच कुणी अंथरुणाला खिळलं असेल, इस्पितळातून डिस्चार्ज दोन दिवसांवर आला असेल आणि जो तो 'एक केअरटेकर बघून ठेवा' असं सांगत असेल, तर ब्युरोला, म्हणजे घरी पेशंटसाठी माणसं पुरवणाऱ्या संस्थेला, फोन लावण्याआधी हे वाचा. केअरटेकर आणि केअरगिव्हर हे दोन शब्द आपण मुंबईत एकाच अर्थानं वापरतो. आमच्या घरात या गोंधळामुळे एक म्हातारा माणूस रात्री उशिरापर्यंत उपाशी राहिला.

माझ्या सासऱ्यांना, आण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला होता. गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून नळी घातलेली. घरी न्यायच्या दिवशी सकाळी सिस्टरनं विचारलं, "केअरगिव्हर कोण आहे? नळीतून फीड, म्हणजे पातळ अन्न, द्यायचं शिकवायचंय." माझे दीर लगेच म्हणाले, "संध्याकाळी येणार आहे, ब्युरोतून." सिस्टरला वाटलं, घरातलंच कुणीतरी संध्याकाळी येतंय. आम्हाला वाटलं, शिकायचं आहे ते येणाऱ्या बाईनं. दुपारी कागद झाले, अँब्युलन्स आली आणि आम्ही लालबागला घरी पोचलोसुद्धा. सातला ब्युरोच्या मावशी आल्या. हात धुतले, आण्णांना कुशीवर घेऊन पाठ बघितली, चादर सारखी केली. मग नळीकडे बघून म्हणाल्या, "ताई, अंग पुसणं, डायपर, कूस बदलणं सगळं करते मी. नळीचं मी करत नाही. ते घरचे करतात."

मावशींचं काही चुकलं नव्हतं. चूक आमच्या शब्दांत होती. शेवटी खालच्या मजल्यावरची एक नर्स ड्यूटीवरून परतली, तिनं येऊन दाखवलं, तेव्हा साडेदहाला आण्णांच्या पोटात काही गेलं. तुमच्याकडे असं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं सांगते.

आधी शब्द नीट समजून घ्या

केअरटेकर म्हणजे काय, हे मुंबईकराला अलिबागच्या बंगल्यावरून पटकन कळेल. मालक मुंबईत, किल्ल्या केअरटेकरकडे. तो पंप चालू करतो, झाडांना पाणी घालतो, पाहुणे आले की दार उघडतो. कोकणात ज्याला आपण राखणदार म्हणतो, तेच काम. इंग्लंडमध्ये आजही शाळेची किंवा इमारतीची देखभाल करणाऱ्याला केअरटेकर म्हणतात. आणि निवडणुकीनंतर नवं सरकार येईपर्यंत जे सरकार कारभार बघतं, त्याला इंग्रजीत केअरटेकर आणि आपल्या वर्तमानपत्रांत 'काळजीवाहू' म्हणतात. तीनही ठिकाणी मुद्दा एकच: वस्तू दुसऱ्याची, ताबा तात्पुरता, काम ती सांभाळून ठेवण्याचं. मोठे निर्णय घेणं त्याच्याकडे नसतं.

केअरगिव्हर हा शब्द मात्र माणसासाठीच आहे. आजारी, वृद्ध, अपंग किंवा लहान माणसाची रोजची शुश्रूषा ज्याच्यावर आहे तो केअरगिव्हर. शब्द अमेरिकेकडचा; ब्रिटनमध्ये त्याच माणसाला 'केअरर' म्हणतात. आपल्याकडे तो कायद्यातही आला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात केअरगिव्हरची व्याख्या आहे आणि तिच्यात आईवडील आणि घरची इतर माणसं स्पष्टपणे धरली आहेत, मोबदला घेऊन असो वा न घेता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही रुग्णाबरोबर राहणारा आणि त्याची जबाबदारी असणारा माणूस म्हणजे केअरगिव्हर, मग तो नातेवाईक असो किंवा पगारी. म्हणजे पगारावरून हा फरक ठरत नाही, जबाबदारी कुणाची यावरून ठरतो.

इंग्रजीतसुद्धा आजारी माणसाच्या बाबतीत हे दोन शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात, तेव्हा कुणी पेशंटच्या बाईला केअरगिव्हर म्हटलं तर ते चूक नाही. आणि 'टेक' म्हणजे घेणं, 'गिव्ह' म्हणजे देणं, म्हणून हे विरुद्धार्थी शब्द असतील, असंही समजू नका. इंग्रजी माणूस काळजी घेतो आणि देतोही. दोन्हीत सेवाच आहे.

मराठीत मात्र इथे खरी अडचण येते. आपण काळजी घेतो, काळजी करतो, काळजी वाहतो. काळजी 'देत' कुणीच नाही. कुणी दिलीच, तर ती जिवाला घोर लावणारी काळजी. म्हणून केअरगिव्हर हा शब्द आपल्या जिभेवर रुळला नाही असं मला वाटतं. केअरटेकर मात्र 'काळजी घेणारा' म्हणून सहज बसला आणि दोन्हींची कामं एकट्यानं उचलू लागला. काही संस्था आता 'काळजीवाहक' लिहितात. मला तो शब्द आवडतो, कारण वाहण्यात ओझं आहे आणि ते कुणाच्या खांद्यावर आहे हे विचारता येतं.

घरातलं एक नाव ठरवा

पहिलं काम हेच, आणि ते डिस्चार्जच्या आधीचं. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: केअरगिव्हर, आणि पुढे नाव व मोबाइल नंबर. त्याखाली दुसरं नाव. 'आम्ही सगळेच आहोत' हे उत्तर चालत नाही. डॉक्टरांचा फोन कुणी घ्यायचा, औषध बदललं तर वहीत कुणी लिहायचं, रात्री दोनला इस्पितळात न्यायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे एकाच माणसाला माहीत असावं लागतं.

हे नाव आपोआप सुनेचं होऊ देऊ नका. आमच्या घरी कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि आठवड्याभरात सगळं माझ्यावर आलं होतं. मी ते मनापासून केलं. पण विचारून आलं असतं तर पहिल्याच दिवशी दिरांनी आणि जाऊबाईंनी आपापले वार वाटून घेतले असते. तीन महिन्यांनी मी तापानं पडल्यावर ते करावं लागलं. मुलगा डोंबिवलीहून रोज फोर्टला जाणारा असेल आणि मुलगी घरून काम करणारी असेल, तर कोण किती वेळ घरात आहे, कुणाला रक्त बघवतं, कुणाची पाठ धड आहे, हे सरळ बोलून घ्या.

डिस्चार्जच्या आधी स्वतःच्या हातानं शिका

सिस्टरला सांगा, "मी केअरगिव्हर आहे, मला शिकवा." मग नुसतं बघू नका, तिच्या समोर दोनदा स्वतः करा. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवण्याची परवानगी मागा.

नळीतून फीड देणं लांबून सोपं दिसतं, म्हणून ते जवळून सांगते. आधी पलंगाची डोक्याकडची बाजू उचलायची, निदान तीस-पंचेचाळीस अंश; बसवता आलं तर बसवायचं. झोपवून फीड देऊ नका, ते छातीत जाण्याची भीती असते. मग नाकापाशी नळीवर जी खूण केलेली असते, ती जागच्या जागी आहे का बघायची. खूण जागेवरून सरकलेली दिसली तर थांबा. नळी आत ढकलू नका, फीड देऊ नका, नर्सला किंवा डॉक्टरांना बोलवा. खूण जागेवर असेल तर सिस्टरनं दाखवलं असेल तशी तपासणी करून आधी थोडं पाणी, मग फीड, मग परत पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. सिरिंज वर धरून फीड आपल्या वजनानं उतरू द्यायचं; घाईनं दांडा दाबायचा नाही. खोकला आला, चेहरा बदलला, श्वास जोरात चालू झाला, की लगेच थांबायचं. आणि नंतर अर्धा ते एक तास डोकं खाली घ्यायचं नाही. किती मिली, किती तासांनी, हे आहारतज्ज्ञांकडून कागदावर लिहून आणा.

लघवीची पिशवी रिकामी करणं, डायपर बदलणं, बेडवरून खुर्चीत घेणं, इन्शुलिन असेल तर ते टोचणं: तुमच्या पेशंटला जे लागू असेल ते याच दोन दिवसांत शिकून घ्या. टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी बाहेरगावाहून आलेली आणि धर्मशाळेत उतरलेली कितीतरी माणसं पेशंटचं सगळं स्वतःच करतात. त्यांच्या बरोबरीला कुणी ब्युरो नसतो. त्यांनी शिकलेलं असतं, म्हणून त्यांना जमतं.

आता ब्युरोला फोन करा

फोनवर 'केअरटेकर पाहिजे' एवढंच सांगितलंत तर येणारा माणूस काय करेल याची खात्री नाही. या एका शब्दात मुंबईत पेशंटची बाई, वॉर्डबॉय, सोबतीला बसणारी आजी, बाळ सांभाळणारी मुलगी, सगळे येतात. शब्दाऐवजी कामं सांगा. "पेशंट पुरुष, वय अठ्ठ्याहत्तर, वजन सत्तर किलो, उजवी बाजू गेलेली, नाकात नळी, लघवीची पिशवी, डायपर, दर दोन तासांनी कूस बदलायची." वजन सांगायला विसरू नका. किरकोळ अंगाची बाई सत्तर किलोचं माणूस एकटी उचलू शकत नाही, आणि उचलायला लावलंत तर दोघांनाही इजा होईल.

मग अटेंडंट हवा की नर्स, हे ठरवा. अंघोळ, स्पंजिंग, जेवण, डायपर, कूस, फिरवणं ही अटेंडंटची कामं. सलाइन, इंजेक्शन, घशातून सक्शन (साचलेला कफ यंत्रानं ओढून काढणं), कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, खोल जखमेचं ड्रेसिंग ही नर्सची. नर्स म्हणून कुणी पाठवत असतील तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघायला मागा. खरी नर्स त्याचा राग धरत नाही. थोडे दिवसांचा कोर्स केलेल्या मुलीला पांढरा कोट घातला म्हणून ती नर्स होत नाही, आणि तिच्याकडून इंजेक्शन देववणं हा तिच्यावरही अन्याय आहे.

तासांचंही बोलून घ्या. बारा तासांची ड्यूटी समजायला सोपी असते. चोवीस तासांची म्हणजे माणूस चोवीस तास जागं राहणार असं नाही. तिला झोप, जेवण, अंघोळ हे सगळं लागतं. रात्री पेशंट वारंवार उठत असेल तर रात्रीची वेगळी व्यवस्था करा किंवा रात्र घरच्यांनी घ्या. दोन खोल्यांच्या घरात ती झोपणार कुठे, पिशवी ठेवणार कुठे, हे ती येण्याआधी ठरलेलं असू द्या. बदली माणूस किती वेळात मिळेल, महिन्याला सुट्ट्या किती, खाडा झाला तर पैसे कसे कापणार, ब्युरोचं कमिशन किती आणि तिच्या हातात किती पडणार, हे सगळं विचारा. आधार कार्डाची प्रत आणि फोटो घ्या, सोसायटीच्या गेटवर नोंद करा, पोलीस पडताळणी झाली आहे का बघा.

पहिल्या दिवशी

आलेल्या माणसाला बसवा, पाणी द्या, नाव विचारा. वयानं मोठी असेल तर मावशी, बरोबरीची असेल तर ताई, पुरुष असेल तर दादा किंवा मामा. 'ए बाई' म्हणू नका. पेशंटलाही सांगा, "आण्णा, या मावशी. आजपासून तुमच्यासोबत असतील." बोलता येत नसलं तरी त्यांना ऐकू येतं आणि परक्या हातानं अचानक अंगावरचे कपडे काढलेले कुणालाच आवडत नाहीत.

मग कामाची सीमा आखून द्या. आमच्याकडे अंग, अंथरूण, कूस आणि सोबत मावशींकडे. नळी, औषधं आणि डॉक्टर माझ्याकडे. पेशंटचे कपडे आणि भांडी त्यांच्याकडे, घरची भांडी नाहीत. पुष्कळ घरांत चार दिवसांनी 'जरा एवढा केर काढा' सुरू होतं, मग पोळ्या येतात, आणि पेशंट तीन तास एकाच कुशीवर राहतो.

वही ठेवा

दोनशे पानी साधी वही आणा. वेळ, फीड किती, लघवी किती, शौच झाली का, बीपी, कोणती कूस. कुशीच्या रकान्यात आम्ही नुसतं 'डा', 'उ', 'स' लिहायचो: डावी, उजवी, सरळ. एका पानावर दिवस दिसतो. मावशी ड्यूटीवर असल्या तरी रात्री पान वाचायचं केअरगिव्हरनं.

पडून पडून होणाऱ्या जखमांचंही (बेडसोअर) तसंच. अंघोळीच्या वेळी दिवसातून एकदा तुम्ही स्वतः सगळं अंग बघा: माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावर पांढुरका होऊन परत लाल झाला तर वेळ हातात आहे, त्या बाजूवर ठेवायचं बंद करा. दाबूनही लालच राहिला तर जखमेची सुरुवात समजून त्याच दिवशी डॉक्टरांना फोटो पाठवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून बघा, जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते. हवेची गादी भाड्यानं मिळते, जरूर आणा, पण ती आहे म्हणून कूस बदलणं थांबवू नका.

फॉर्म भरताना आणि नोकरी शोधताना

इस्पितळाच्या फॉर्मवर केअरगिव्हरच्या रकान्यात ब्युरोचा नंबर लिहू नका, घरचं नाव लिहा. दिव्यांगत्वाचे कागद करताना तर हे फार जपून करा. २०१६ च्या त्याच कायद्यात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा व्यक्तींसाठी केअरगिव्हर भत्त्याची तरतूद आहे. तिथे हा शब्द कायद्याच्या अर्थानंच वाचला जातो.

तुम्ही स्वतः या कामात नव्यानं येत असाल, तर अर्जात काय लिहायचं ते ठिकाण बघून ठरवा. इस्रायलसारख्या देशात केअरगिव्हर हा नोकरीचा अधिकृत हुद्दा आहे. ब्रिटनसाठी केअरर किंवा केअर वर्कर लिहा. तिथे केअरटेकर लिहिलंत तर समोरच्याला इमारतीची देखभाल करणारा माणूस वाटेल. आणि कुठल्याही अर्जात हुद्द्याखाली तुम्हाला येणारी कामं एकेक करून लिहा.

कुणीच येणार नाही त्या दिवसासाठी

मुंबईत हा दिवस येतोच. आमच्या मावशी दिव्याहून यायच्या. रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की त्या करी रोडला थांबत नाहीत. मग परळला उतरून चालत. एक तास उशीर धरूनच ठेवायचा. पावसात रुळांवर पाणी आलं की त्या कळव्यापर्यंतही पोचायच्या नाहीत. म्हणून जून ते सप्टेंबर डायपर, फीडची पावडर, औषधं आठ-दहा दिवसांची जास्तच घरात ठेवा. वीज गेली की हवेची गादी बसते, हे लक्षात असू द्या. अँब्युलन्ससाठी १०८ नंबर दाराच्या मागे चिकटवा. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत चालू असते, ती त्याच कागदावर लिहा.

आणि गणपती. कोकणातली मावशी असेल तर ती गणपतीला गावी जाणारच, आणि जायलाच हवं. बदली माणूस महिनाभर आधी सांगून ठेवा, कारण त्या आठवड्यात ब्युरोतली निम्मी माणसं गावी गेलेली असतात. लालबागला तर त्या दहा दिवसांत गाडी गल्लीत आणायची म्हटलं तरी आधी कार्यकर्त्यांशी बोलून ठेवावं लागतं. आम्ही मंडळाच्या मुलांना सांगून ठेवलं होतं की चौथ्या मजल्यावर पेशंट आहे, आणि दोघांचे नंबर फाइलवर लिहिले होते.

पहिल्या वर्षी आम्हाला बदली मिळाली नाही. जायच्या आदल्या दिवशी मावशींनी मला बोलावलं, पदर खोचायला लावला आणि आण्णांना एकटीनं कुशीवर कसं घ्यायचं ते दाखवलं: त्यांचा पलीकडचा गुडघा दुमडायचा, एक हात खांद्यावर, एक खुब्यावर, आणि आपल्याकडे ओढायचं, उचलायचं नाही. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा थोडं जमलं. मग त्या पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसल्या, वही मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "आता परत करा. मी बघते."